शुद्ध मंडळी

टेक्सासमधल्या अर्विंगच्या मराठी ख्रिस्ती मंडळीतली एस्तेर लग्न न करताच शंतनूबरोबर राहते हे कळल्यापासून शिरसाठकाकांना चैन पडेना. काका चर्चच्या कमिटीत सगळ्यात ज्येष्ठ. शुक्रवारी त्यांनी ग्रुपवर मेसेज टाकला, "पहिल्या शतकातल्या मंडळ्यांत असली ढिलाई चालत नव्हती. ज्याच्या मनात पाप नाही, त्यानेच रविवारी प्रभुभोजनाला यावं." सगळ्यांनी हात जोडल्याचे इमोजी पाठवले.

रविवारी दहा वाजता काकांनी भाड्याचा हॉल उघडला, प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस मांडून ठेवला. साडेदहा झाले तरी पार्किंगमध्ये एकही गाडी आली नाही. शेवटी त्यांनी पास्टरांना फोन लावला.

"कुठे आहात?"

"घरीच. तुमचा मेसेज वाचला."

"अहो, तुम्ही पास्टर आहात!"

"म्हणून तर दोनदा वाचला." पास्टर म्हणाले. "पण काका, तुम्ही कसे काय गेलात?"

"हॉलची किल्ली माझ्याकडे असते ना," काका म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

तेवढ्यात दार ढकलून एस्तेर आत आली. रिकाम्या खुर्च्या बघून ती दारातच थबकली.

"काका, बाकीचे कुठे गेले?"

"तू माझा मेसेज वाचला नाहीस?" काका कडाडले.

"कसा वाचणार? गुरुवारीच तुम्ही मला ग्रुपमधून काढलंत ना," एस्तेर म्हणाली आणि पहिल्या रांगेत जाऊन बसली.