दामिनीचा डबा

समजा, तू दहावीत आहेस आणि टेस्टच्या भीतीने तुला जेवणच जात नाही. कामठीच्या दामिनीचं असंच झालं होतं. भरलेला डबा घरी नेला तर आई विचारेल, म्हणून ती तो रोज शाळेच्या ऑटोवाल्या रुपरावकाकांना द्यायची. शनिवारी तिला सोडताना काका आईला म्हणाले, “वहिनी, तुमची वांग्याची भाजी एक नंबर! रोजचा डबा खाऊन माहं पोट सुटलं पाहा!” ऑटो गेला. केस सावरायला हात वर केलेल्या लेकीचं घड्याळ बारीक झालेल्या मनगटावरून कोपराकडे घसरलेलं आईला आत्ता दिसलं. “काहून वं, माझा स्वयंपाक आवडत नाही तुले?” “आवडते. पण टेस्ट आठवली का घासच उतरत नाही.” आईने ताट वाढलं. दामिनीने आधी दप्तरातले लपवलेले, कमी गुणांचे चार पेपर आईच्या हातात ठेवले. मग आई ते पाहू लागताच भिंतीकडे वळून तिने पहिला घास तोंडात घातला.