एक्केचाळीसावा नंबर

मेघनाने नाव इंग्रजी कॅपिटल अक्षरांत टाकलं, आणि होळी गावचा आलोशियस चार वर्षांनी कॉम्प्युटरला सापडला.

पाणीपुरवठा ऑफिसच्या खिडकीपलीकडे तो उभाच होता. हातात १९९७ सालची पावती, प्लास्टिकच्या पिशवीत जपलेली. नळाच्या अर्जावर 'नाव कॅपिटल अक्षरांत लिहावे' असं छापलं होतं. त्याने लिहिलं, कारकुनाने तसंच चढवलं. पुढचे कारकून शोधताना पहिलं अक्षर तेवढं मोठं टाकत. कॉम्प्युटर 'नाही' म्हणे, मग तेही म्हणत. दोन वर्षं हेलपाटे घातल्यावर एकाने मायेने त्याला नवा अर्ज करायला लावला. नळाच्या प्रतीक्षायादीत जुना नंबर एक्केचाळीस, नवा दोन हजार तीनशे सहा. मधल्या काळात त्याची विहीर मचूळ झाली.

मेघना कंत्राटावरची प्रोग्रामर. तिने विद्याधरसाहेबांना समजावलं की प्रोग्राममधली डिक्शनरी म्हणजे नाव सांगितलं की नंबर देणारी पेटी. पण मोठी अक्षरं आणि छोटी अक्षरं म्हणजे तिला दोन वेगळी माणसं वाटतात. अशी दोनदा नोंदलेली तीनशे बारा माणसं निघाली. दोन्ही एकच धर, एवढंच तिला सांगायचं. एका ओळीचं काम. फक्त हा हुकूम ती रिकामी असतानाच ऐकते. आत माणसं असली की ऐकत नाही.

"म्हणजे आमच्या ऑफिसातलीच," साहेब म्हणाले. मग त्यांनी विचारलं, पुन्हा नावं भरताना दोनदा आलेल्यांचं काय होतं?

"दुसऱ्यांदा आलेलं घेत नाही, सर. आधी भरू ते राहील."

साहेबांनी चहा संपवला. यादीतल्या पहिल्या पाचशे नंबरांचे नळ स्टेशनाजवळच्या नव्या इमारतींत केव्हाच वाहत होते.

"मग नवे अर्ज आधी भर."

"सर, त्यांचा एक्केचाळीसावा..."

"भर गं. आणि तुझ्या मुदतवाढीचा कागद आण, आजच सही करून टाकू."

मेघनाने पेटी रिकामी केली. हुकूम दिला. आधी नवे भरले, मग जुने. जुन्यांतली तीनशे बारा नावं नाकारली जाऊन एकेक करून परत आली. तिने ती पुसली.

साहेब स्वतः उठून खिडकीशी गेले. "सापडलात हो. आता कुणी कसंही टाकू दे, सापडणारच." जुनी पावती त्यांनी मागून घेतली. तिचं आता काम नव्हतं.

आलोशियसने हात जोडले. पिशवीतून लाल माठाच्या दोन जुड्या काढून खिडकीत ठेवल्या.

"जरा खळखळून धुवा हां, साहेब," तो म्हणाला. "आमच्या विहिरीवरची आहे."