फुंकर

"आजोबा, बघा! आज खरा दिवा लावलाय!"

पंढरीनाथांनी चष्मा नीट केला. फोनवर त्यांची नात सान्वी हात जोडून उभी होती. मीरा रोडला संध्याकाळचे सात वाजले होते, टोरंटोला तिच्याकडे सकाळचे साडेआठ. दर शनिवारी-रविवारी दोघं याच वेळी शुभंकरोती म्हणायचे. इकडे देवघरात समई, तिकडे बॅटरीवर लुकलुकणारा प्लास्टिकचा दिवा. "बॅटरीच्या दिव्याला देव फसतो होय गं?" असं मागच्या रविवारी ते हसत हसत म्हणाले होते.

आज तिच्या खिडकीच्या कट्ट्यावर आजीने पाठवलेलं पितळी निरांजन होतं. त्यात तुपातली फुलवात, आणि ती पेटलेली.

"छान," असं म्हणता म्हणता ते थांबले. खिडकीखालच्या जाळीतून हीटरची गरम हवा येत होती. तिच्यासरशी पांढरा पडदा फुगायचा, ज्योतीपासून वीतभर अंतरावर थांबायचा आणि परत जायचा.

"बाबा कुठे आहे तुझा?"

"खाली. गाडीवरचा बर्फ काढतोय."

"आणि आई?"

"ड्यूटीवर. आजोबा, सुरू करूया ना?"

मनोरमाबाई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आल्या, एकदा फोनकडे बघितलं आणि त्यांनी आपल्या फोनवरून अमोलला लावला. रिंग गेली. तीच रिंग सान्वीच्या मागे सोफ्यावर वाजायला लागली.

"आजी, बाबाचा फोन इथेच आहे," सान्वीने सांगितलं.

"अहो, शेजारच्या नीलमचा भाऊ कॅनडातच असतो ना? त्याला सांगते पटकन जायला."

"अगं, तो व्हँकुव्हरला! विमानाने पाच तास लागतात!"

मनोरमाबाई फोन छातीशी धरून उभ्या राहिल्या.

पडदा पुन्हा फुगला. या वेळी अंतर वीतभरही नव्हतं. पडदा ओढायला सांगावं, तर पोरीच्या स्वेटरची बाही ज्योतीवरून जाणार. निरांजन उचलायला सांगावं, तर ते तापलेलं. बापाला हाक मारायला पाठवावं, तर दिवा पडद्याशी एकटा राहणार. चाळीस वर्षं पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवताना जो शांत आवाज ते कधी चढू देत नसत, तोच त्यांनी काढला.

"सान्वी बाळा, शुभंकरोती नंतर. आधी त्या दिव्याला फुंकर मार बघू. जोरात."

सान्वीने मान हलवली. "नाही."

"मार गं राणी."

"दिवा फुंकायचा नसतो. फुंकला की लक्ष्मी घराबाहेर जाते. तुम्हीच सांगितलंत."

त्यांनीच सांगितलं होतं. सहाव्या वाढदिवसाला तिने केकवरच्या मेणबत्त्यासुद्धा फुंकल्या नव्हत्या, हाताने वारा घालून विझवल्या होत्या. पाहुणे हसले, तरी पोरीने ऐकलं नाही. पूनम सागर या त्यांच्या सोसायटीच्या बाकावर बसून पंढरीनाथांनी ती गोष्ट महिनाभर सगळ्यांना ऐकवली होती.

"फुलाने शांत करायचा," सान्वी खिडकीबाहेर बघत म्हणाली. "पण इथे फूलच नाहीये. हाताने वारा घालू?"

"नको! नको, थांब..."

तिने हात हलवलाच. ज्योत आडवी झाली आणि पडद्याकडे लांबली. मनोरमाबाईंनी डोळे मिटून घेतले. ज्योत पुन्हा सरळ उभी राहिली. पडद्याच्या काठावर एक तपकिरी ठिपका उमटला होता.

"वास येतोय," सान्वी म्हणाली. तिचा आवाज आता बारीक झाला होता.

"आजोबांचं ऐक ना. मी सांगतोय ना, आज चालतं."

"आज का चालतं?"

पंढरीनाथांनी फोन देवघराकडे वळवला. समईची वात सावकाश, एकसारखी जळत होती.

"इकडे बघ. मी करतो तसं करायचं. बघतेयस ना?"

"अहो, काय करताय!" मनोरमाबाई पुढे झाल्या.

पंढरीनाथांनी वाकून फुंकर मारली. सत्तर वर्षांत पहिल्यांदा. वात क्षणभर लाल राहिली, मग काळी झाली. धूर देवांच्या तोंडावरून वर गेला.

सान्वी बघत राहिली. मग तिने गाल फुगवले आणि फू केलं. ज्योत वाकली, पण विझली नाही. पडदा फुगून पुढे आला.

"अजून एकदा, बाळा!"

तिने डोळे घट्ट मिटले आणि सगळा श्वास सोडला. निरांजनातून धुराची एक बारीक रेघ निघाली.

मनोरमाबाई विझलेल्या समईकडे बघत होत्या.

"शाब्बास," पंढरीनाथ म्हणाले. "आता त्या दिव्याला हात लावू नको. बाबा वर येईपर्यंत तिथे सोफ्यावर बस."

सान्वी सोफ्यावर बसली. पाय वर घेतले. थोड्या वेळाने तिने उठून तोंड कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आणलं.

"आजोबा, लक्ष्मी गेली का हो?"

ते समईजवळ सरकले.

"बाहेर खूप बर्फ आहे. तिला बूटपण नाहीयेत." ती जरा थांबली. "मला वाटलं, ती तुमच्याकडे येईल. पण तुमचापण दिवा विझला. मग ती आता जाणार कुठे?"

पंढरीनाथांनी काडेपेटी चाचपली. पहिली काडी मोडली. दुसरीही मोडली. फोनमध्ये सान्वी पापणी न हलवता वाट बघत होती.