पाळीवरची साक्ष

“परत सांग,” इस्तारी म्हणाला.

गोकुळाने विणायला घेतलेलं जाळं बाजूला सारलं आणि शाळेतल्या पोरीसारखी ताठ बसली. “माझा मालक पाळ फुटली त्या साली नाई मेला. त्याच्या पुढच्या साली मेला.”

“अन् कपलर?”

“तो गेल्यावर लावले.”

“आता जमलं,” म्हाताऱ्याने मान डोलावली आणि तलावाच्या पाळीवर चढून येणाऱ्या फारूककडे समाधानाने पाहिलं. सुनेची तयारी पक्की झाली होती.

फारूकचे पाय जागीच थबकले. हे त्यानेच मागितलं होतं. फोनवर, घाईघाईत. कोर्टाची माणसं आली तर कपलर एक साल उशिरा लावले असं सांगा, एवढंच तो म्हणाला होता. त्या सालाला गोकुळाच्या नवऱ्याचं मरण बांधलेलं आहे, हे तेव्हा त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

फारूकचं मूल गावात फॅब्रिकेशनचं वर्कशॉप होतं. मत्स्यबीजाच्या टाक्यांना पाणी देणाऱ्या पंपाची केबल या पाळीवरून पत्र्याच्या पन्हळीतून जायची. पाळ खचली की पन्हळीचे सांधे फाकायचे आणि केबल पाण्यात पडायची. पाळ फुटली त्या साली वीज उतरलेल्या त्याच पाण्यात इस्तारीचा मुलगा, गोकुळाचा नवरा भूपेश जाळं ओढायला उतरला, तो जिवंत वर आला नाही. मयतीला आलेला फारूक तो सांधा पाहून गेला आणि दिवस लोटायच्या आत सांधा जोडून धरणारा एक कपलर घडवून घेऊन आला. जमीन खचली तर हा कपलर तिच्याबरोबर वाकायचा, पण सांधा सोडायचा नाही. सगळे सांधे त्याने आपल्या हाताने बदलले. पेटंटचा अर्ज केला तो त्यानंतर काही महिन्यांनी.

तो उशीरच आता त्याच्या गळ्याशी आला होता. एका मोठ्या कंपनीने हरकत घेतली, की अर्जाच्या आधीपासून ही वस्तू उघड्यावर वापरात होती, मग तिच्यावर एकट्याचा हक्क कसला? पेटंट रद्द झालं. गडचांदूरकडे आता तोच कपलर कंपनीचा शिक्का घेऊन विकायला येत होता. फारूक अपिलात गेला होता. कपलर इथे अर्जाच्या आधी लागले की नंतर, एवढ्यावरच सगळं अडलं होतं, आणि ते पाहायला हायकोर्टाने नेमलेल्या वकीलबाई आज येणार होत्या.

“इस्तारीभाऊ,” तो म्हणू लागला, “मी काय म्हणतो...”

“तू काईच म्हणू नको. तू आमच्यासाठी केलं, आता आमची बारी होये.”

पुढे काही बोलायच्या आत पाळीच्या टोकाला गाड्या थांबल्या.

वकीलबाई तरुण होत्या आणि घाईत नव्हत्या. त्यांनी आधी सगळे सांधे वाकून पाहिले. कंपनीचा वकील त्यांच्या एका बाजूला होता, फारूकचा दुसऱ्या बाजूला. मग त्यांनी इस्तारीला विचारलं, आणि इस्तारीने ठरल्याप्रमाणे, डोळ्याची पापणी न हलवता सांगितलं. फारूकच्या वकिलाने हलकेच श्वास सोडला.

“तुम्ही भूपेश यांच्या पत्नी ना?” वकीलबाई गोकुळाकडे वळल्या. “तुमचे यजमान कोणत्या साली गेले?”

गोकुळाने तोंड उघडलं. “पाळ फुटली...” ती म्हणाली आणि तिथेच अडली. कंपनीच्या वकिलाने मान वर केली. गोकुळाने फारूककडे पाहिलं. वाक्य विसरल्यासारखं नव्हे, तर आठवत असूनही ते ओठांबाहेर पडत नसल्यासारखं.

फारूकच्या वकिलाने त्याचा दंड दाबला. दाबणाऱ्या बोटांचा अर्थ फारूकला नीट कळत होता. थोडा वेळ थांब, ती बोलेल, आणि अपील आपलं.

त्याने दंड सोडवून घेतला.

“बाईले नका विचारू, मॅडम. कपलर मी लावले. पाळ फुटली त्याच साली लावले. भूपेश गेला अन् लगेच लावले. अर्ज त्याच्या मांगून केला.”

वकीलबाईंनी ते लिहून घेतलं आणि पुन्हा एकदा वाचून दाखवलं. फारूकने मान डोलावली. मग त्यांनी इस्तारीकडे पाहिलं, तसा तो खाकरला.

“म्हातारा झालो, बाई. साल ध्यानात नाई राहत.”

त्यांनी तेही लिहिलं. गाड्या आल्या तशा गेल्या. जाताना फारूकचा वकील गाडीच्या काचेतून एवढंच म्हणाला, की अपिलात आता काही उरलं नाही.

फारूक मोटारसायकलपाशी कितीतरी वेळ किल्ली हातात घेऊन उभा होता. घरी बायकोला, जरीनाला हे कसं सांगायचं, ते त्याला सुचत नव्हतं. गोकुळा मागून आली तेव्हा त्याने तिच्याकडे न पाहताच म्हटलं, “बाई, तुमच्या तोंडून असं वदवायचं नव्हतं मले. माफ करा.”

गोकुळा पाळीखालच्या पाण्याकडे बघत राहिली.

“तसं नाई, भाऊ,” ती म्हणाली. “दोन दिवस झाले, मामाजी माझ्याकडून म्हणून घेत होते. म्हणतानी मले बरं वाटे. एक साल जास्त जगत होता तो.”