हिरवा बाण

साहेब, तुम्ही त्या घराची पायरी तरी चढलात का कधी? ऑफिसात बसून फोटो मागवलेत आणि परवाना देऊन मोकळे झालात. परवाना फोटोला दिलात, घराला नाही.

स्कूटर दामटत मालक मनातल्या मनात साहेबांचा उद्धार करत होता. फोन हेल्मेटमध्ये कानाशी खोचलेला. फोनवर धाकटी बहीण. ती सकाळीच लेकीला घेऊन त्याच्या गेस्ट हाउसवर उतरली होती. तिथं माणूस कोणी नसतं. पाहुण्यानं दारावर नंबर दाबायचा आणि आत शिरायचं. बाकीचे पाहुणे भटकायला गेलेले.

"दादा, जिन्याखालचं वॉशिंग मशीन अजून जळतंय. जिना धुरानं भरलाय."

"खाली उतरू नकोस. अग्निशमनवाले निघालेत."

"नाही उतरत. तुझा बाण दिसतोय की, हिरवा. त्या दाराकडंच निघालोय."

त्यानं स्कूटर आणखी पिळली. वरच्या मजल्यावरचं, मागच्या जिन्याचं दार त्यानं कधीच विटांनी बुजवलं होतं आणि तिथं बाथरूम काढली होती. साहेबांना फोटोत आगीत बाहेर पडायचं दुसरं दार हवं होतं, दारावर बाण हवा होता. यानं चादरींच्या कपाटावर बाण चिकटवला आणि फोटो धाडला. बाण काढायचा राहिला तो राहिलाच. पाहुण्यांना तो बघून बरं वाटायचं.

"ते दार नाही गं. कपाट आहे."

पलीकडं नुसता खोकला. एक मोठा, एक लहान.

"शेजारी बाथरूम आहे. आत जा, दाराच्या फटीला ओला टॉवेल लाव. खिडकीची काच फोड आणि ओरड."

काच फुटली. मग फोनच बंद पडला.

तो पोचला तेव्हा शेजारच्या रंगाऱ्यानं शिडी लावून दोघींना खाली उतरवलं होतं. भाची आईच्या गळ्याला घट्ट चिकटलेली. स्कूटर तशीच टाकून तो दोघींकडं धावला.

"वाचलात. त्या ऑफिसवाल्यांना आता सोडत नाही मी. एकदा येऊन बघायला काय झालं होतं त्यांना?"

बहिणीनं काजळीनं माखलेलं तोंड मनगटानं पुसलं.

"मी तुझी बहीण, म्हणून मला सांगितलंस कपाट आहे ते. काल त्या खोलीत कोण झोपलं होतं, दादा? त्यांना कोण सांगणार होतं? बोल."