ओल्या चुन्यातला छापा

तंत्रज्ञाने गडाच्या दरवाजावरच्या गिलाव्यावरून यंत्राची शलाका हळुवार फिरवली. साडेतीनशे वर्षांपूर्वी, गडावर शत्रूचा छापा पडला त्या दिवशी ओला असलेला चुना वाळताना जे आवाज धरून बसला होता, ते यंत्रातून पाझरू लागले.

सर्जेराव खैरे आणि त्यांचे व्याही बापूराव ढमाले पायरीवर बसून ऐकत होते. खैऱ्यांचा पूर्वज याच बंद दरवाजाबाहेर मारला गेला होता. आतल्या कोंडाजी ढमाल्याने जिवाचे रान केले, पण अडसर निघालाच नाही, असे गाव पिढ्यानपिढ्या सांगत आले होते.

"कोंडाजी, मी आहे. दार उघड," बाहेरचा आवाज म्हणाला.

"ओळखलं तुला," आतला आवाज शांत होता. "पण ते तुझ्या पाठीवर आहेत. नाही उघडत."

अडसराला कुणी हातही लावला नव्हता.

सर्जेराव व्याह्यांकडे वळले. "बापूराव, तुमच्या घरात हे ठाऊक होतं?"

"थोरल्या मुलाला सांगतात आमच्यात. मीही सुहासला सांगितलं."

"आणि रेणूला? माझ्या लेकीला?"

"लग्न झालं त्याच वर्षी." बापूरावांनी मान खाली घातली. "तिनंच शपथ घातली आम्हाला, माझ्या आबांना कळू देऊ नका म्हणून."