माधवीच्या नावावरचं

शिलाई मशीनचं तेल. फाडलेल्या जुन्या बनियनची चिंधी.

पुठ्ठ्याचा माणूस. छातीच्या जागी भोक.

धारच्या ठाण्यातल्या मुन्शीचा फोन: "मैडमजी, चुनाव आ गए, हथियार जमा करवा दो."

राजगढची वरात. घोड्यापुढे नाचणारा पुतण्या, जाकीट मुद्दाम वर सरकवलेलं.

झेंडूची परडी. कोहळा.

तपकिरी पर्स, तिच्यात रुमालात गुंडाळलेलं पंजाएवढं लोखंड.

हे लोखंड घेऊन माधवी खंडेनवमीच्या सकाळी धारहून देवासला निघाली. गाडी स्वतः चालवत. पर्स शेजारच्या सीटवर, पट्टा मनगटाला गुंडाळलेला.

देवासला धाकट्या दिरांच्या, जगदेवरावांच्या हॉलमध्ये सोफे भिंतीला सरकवले होते. पाटावर लाल कापड, त्यावर तांदूळ, तांदळावर घराण्याच्या तलवारी, कट्यार, ठासणीची बंदूक. मधली जागा मोकळी ठेवली होती. माधवीनं रुमाल सोडला. आखूड नळीचं जुनं विलायती रिव्हॉल्व्हर. गोळ्यांचं चक्र बाहेर काढून ते रिकामं असल्याचं पाहिलं, चिंधीनं पुसलं, मोकळ्या जागी ठेवलं. मग कुंकवाच्या वाटीकडे हात नेला.

वाटी सरकली. नणंद जमुनाबाईंनी ती आपल्याकडे ओढली होती.

"माधवी, तुम्ही तिकडे बसा. आपल्यात शस्त्राला कुंकू सवाष्ण लावते. तुमचे मल्हारराव असते तर गोष्ट वेगळी."

माधवी बसली नाही. उभीच राहिली, भिंतीपाशी.

वाटी पुतण्याच्या, राजवर्धनच्या नव्या नवरीकडे गेली. देवश्री पुढं आली आणि थबकली. "काकीसाहेब, हे फुटणार तर नाही ना?"

"रिकामं आहे. मुठीला लावा. नळीला नको, गंज धरतो."

"त्यांना काय विचारता सूनबाई?" जगदेवराव हसले. "मला विचारा. आजोबांनी सरदारपूरकडे बिबट्या लोळवलाय याच्यानं. एका गोळीत! घराण्याचं हत्यार आहे, खेळणं नव्हे." दर खंडेनवमीला बिबट्या थोडा वाढायचा. यंदा तो शेपटीसकट सोफ्याएवढा झाला.

राजवर्धन मोबाइल सरसावून आला. "काकीसाहेब, पूजा झाली की दो मिनट द्या हं. कमरेला लावून एक रील. सगळे दोस्त, भिया लोग, कब से पीछे पड़े हैं."

"राजगढच्या वरातीत लावलं होतंत ना?"

"अरे, वो तो फोटो वायरल हो गया था, उसमें मैं क्या करूँ?"

"तुम्ही काही केलं नाही. मला न विचारता कपाटातून काढलंत, एवढंच. ठाण्यात मी गेले. बाकावर बसून राहिले, चोरासारखी. ठाणेदार विचारत होता, लायसन्स तुमचं, मग कंबर कोणाची?"

कोणीतरी हसलं. जमुनाबाईंनी तिकडे डोळे वटारले.

"वहिनीसाहेब, सणाचा दिवस आहे," जगदेवराव म्हणाले. "जाऊ द्या. लायसन्स काय, कागद असतो. राजवर्धनवर टोलनाक्याची ती केस नसती तर त्याच्याच नावावर झालं असतं. तुम्ही फक्त सांभाळायचं."

फक्त सांभाळायचं! माधवीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. जमा करायचं तिनं, सोडवून आणायचं तिनं, तेलपाणी तिनं, उलटतपासणी तिची. आणि कुंकवाचं बोट लावायची वेळ आली की, तिकडे बसा.

"वन्सं," ती म्हणाली, "ठाण्यातून बोलावणं आलं तेव्हा सवाष्ण पाठवायला हवी होतीत."



माधवी पाटाशी गेली, खाली वाकली आणि रिव्हॉल्व्हर उचललं. मुठीला चिकटलेले तांदूळ फुंकून झाडले.

"अगं बाई! पूजेला मांडलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवायचं नसतं!" जमुनाबाई ओरडल्या.

"लायसन्सवाल्याच्या ताब्याबाहेर ठेवायचं नसतं. तोही नियमच आहे."

"काकीसाहेब, मजाक मत करो," राजवर्धन दारात आडवा झाला. मोबाइल अजून हातातच. "मेहमान आ रहे हैं. देऊन टाका."

"सरका."

"अहो, पण..."

"राजवर्धन. सरका."

तो सरकला. कशामुळे, हे त्यालाही सांगता आलं नसतं. रिव्हॉल्व्हर तर रुमालात गेलं होतं, रुमाल पर्समध्ये, आणि पर्स काखेत.

बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. फाटकाची कडी वाजली. हॉलमध्ये देवश्रीचं कुंकवाचं बोट हवेतच होतं. तिच्यासमोर तलवारी चकचकत होत्या, आणि मधल्या तांदळात आखूड नळीचा ठसा.

जगदेवराव खाकरले. "आजोबा असते तर," एवढंच म्हणाले.

आजोबांनी रिव्हॉल्व्हरबरोबर घेतलेल्या काडतुसांच्या एकुलत्या एका डब्याचं सील माधवीनं फोडलं होतं, धारच्या पोलीस लाईनीत, लायसन्सच्या नेमबाजी चाचणीच्या दिवशी. त्याआधी तो डबा कोणी उघडलेला नव्हता.